फोन मीच केला

१७ मे, रविवार

धाकटे,

तू माझा नंबर ब्लॉक केलायस, म्हणून कागद घेतला. बाल कल्याण समितीच्या बाई मंगळवारी तुझ्याकडे येणार आहेत, त्यांच्या हाती हे देईन. पाकीट चिकटवत नाही. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

आधी ते सांगून टाकते. फोन मीच केला. तुझ्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी नाही. तू खिडकीतून त्यांना काय काय ऐकवलंस ते मला कळलंय. त्यांचा यात काही संबंध नाही, तेव्हा त्यांच्याशी नीट बोलून टाक. वर्गाच्या बाईंनीही नाही. त्यांना खारू मार्चपासून दिसलेलीच नाही, त्या कुठून सांगणार? गुरुवारी दुपारी साडेचारला मी मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावला आणि तुझं नाव, पत्ता, मजला, सगळं सांगितलं. "मुलीशी तुमचं नातं?" असं तिकडून विचारलं. "सख्खी मावशी," म्हणाले. पलीकडच्या बाईने पुन्हा विचारलं, "सख्खी?" मी म्हटलं, "हो, आणि आईची सख्खी बहीण. लिहून घ्या."

का केला, तेही ऐक. तुला वाटतंय तसा तो तडकाफडकी केलेला नाही.

लॉकडाऊनमध्ये शाळा बंद झाल्यावर रोज चारला व्हिडिओ कॉलवर तिचे पाढे घ्यायचे असं मीच ठरवलं होतं. पहिल्या आठवड्यात ती पलंगावर उड्या मारत पाढे म्हणायची. मग बसून म्हणायला लागली. मग हळू आवाजात. एप्रिलच्या मध्यात तिच्यामागे कायम पांढऱ्या फरशीची भिंत दिसायला लागली. "कुठे बसलीस गं?" विचारलं तर म्हणाली, "बाथरूममध्ये. इथे रेंज चांगली येते." आठ वर्षांची मुलगी रेंजची थाप मारते आणि मी ती ऐकून घेते. मे लागला, उकाड्याने जीव नकोसा झाला आणि ती पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून बसायला लागली. "थंडी वाजते," म्हणाली. तेही ऐकून घेतलं.

गुरुवारी तेराचा पाढा अर्ध्यात सोडून तिने विचारलं, "मावशी, एका कानात शिट्टी वाजत राहिली तर ती आपोआप बंद होते का?"

"कधीपासून वाजतेय?"

"सोमवारपासून."

"कानाला काही लागलं का?"

"काही नाही. हात."

"कुणाचा हात, खारू?"

तिने फोन कापला. दोन मिनिटांनी मेसेज आला. जसाच्या तसा लिहिते: आईला सांगू नको हं. ती कामावर सगळ्यांशी छान बोलते.

तुला चार वेळा फोन लावला. तू शिफ्टवर होतीस, घरातच हेडसेट लावून कुणाच्या तरी बिघडलेल्या फ्रिजची तक्रार गोड आवाजात ऐकत असणार. माझ्याकडे हॉस्पिटलचा पास आहे, मी अर्ध्या तासात तुझ्या दारात उभी राहू शकले असते. ते मनात आलंही. तिथे आल्यावर काय झालं असतं ते मला पाठ आहे. मी रागावले असते, तू रडली असतीस, मग मीही रडले असते, आपण चहा प्यायलो असतो आणि शुक्रवारी दुपारी खारू परत त्या फरशीला टेकून बसली असती. तसं होऊ द्यायचं नव्हतं.

त्याच संध्याकाळी हेल्पलाइनच्या लोकांबरोबर मी तुझ्या फाटकाशी उभी होते. जिन्यातून उतरताना तू मला पाहिलंस आणि "ताई, तू?" एवढंच म्हणालीस. ते मला ऐकू आलं.

ती माझ्याकडे आहे. जेवते, झोपते. तुझी माफी मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. पुन्हा तशीच वेळ आली तर पुन्हा तोच नंबर फिरवीन.

ताई


२३ मे

धाकटे,

उत्तर आलं नाही. अपेक्षाही नव्हती. तरी कळवायचं ते कळवते.

कानाच्या डॉक्टरांकडे नेऊन आणलं. दवाखाना बंद होता, पण त्यांचे नमुने वर्षानुवर्षं आमच्याच लॅबमध्ये येतात, त्यामुळे त्यांनी मागचं दार उघडलं. डाव्या कानाच्या पडद्याला छोटं भोक पडलंय. सहा-आठ आठवड्यांत आपलं आपण भरेल, पाणी जाऊ द्यायचं नाही, आणि महिन्याने पुन्हा दाखवायचं. ऐकण्यावर कायमचा परिणाम बहुतेक होणार नाही, असं ते म्हणाले. "बहुतेक" हा शब्द मीही दिवसातून दहा रिपोर्टांवर लिहिते. घरच्या माणसाबद्दल तो ऐकायला किती वाईट लागतो ते त्या दिवशी समजलं.

स्वेटरच्या आत दंडावर दोन जुने डाग होते, पिवळे पडलेले. समितीच्या बाईंनी फोटो काढले. मी दुसरीकडे पाहिलं नाही.

खारूने तुझ्याविरुद्ध अवाक्षर काढलेलं नाही, एवढं तुला कळायला हवं. समितीच्या बाईंनी पाच-सहा परींनी विचारून पाहिलं. ती म्हणाली, "माझ्याकडून आवाज होतो." त्यांनी विचारलं, "कसला आवाज?" तर म्हणाली, "चालण्याचा. एकदा ताटलीचा. एकदा हसण्याचा."

आणखी एक सांगते. लिहू की नको यावर दोन दिवस घालवले. सोमवारी सकाळी आम्ही नाश्ता करत होतो. लॅबमधून माझ्या साहेबांचा फोन आला. मी "बोला, सर" म्हणते न म्हणते तोच खारू उठली, आपला दुधाचा पेला घेतला, बाथरूममध्ये गेली आणि आतून कडी लावली. मला वाटलं, तिला जायचं असेल. मी सात-आठ मिनिटं बोलत होते, आतून चिटपाखराएवढाही आवाज नाही. फोन ठेवून दार वाजवलं.

"झालं का गं?"

"तुझं झालं का?" आतून विचारलं.

बाहेर आली तेव्हा पेला रिकामा होता आणि धुतलेलाही. मी विचारलं, आत का गेलीस, तर माझ्याकडे अशी बघायला लागली की मीच काही वेड्यासारखं विचारलंय. "तू कामाच्या आवाजात बोलत होतीस ना."

"आत काय करतेस एवढा वेळ?"

"फरश्या मोजते. आपल्या घरी एकशे बारा आहेत. तुझ्याकडे जास्त आहेत, पण छोट्या आहेत."

तिला आत बसायला लावायचं असं तू कधी ठरवलंस की ते आपोआप होत गेलं, मला माहीत नाही. मी विचारत नाही. मी फक्त स्क्रूड्रायव्हर आणला आणि बाथरूमची कडी काढून टाकली. तर खारू म्हणाली, "आता आंघोळीला कसं जायचं?" मुद्दा बरोबर होता. शेवटी तिने पुठ्ठ्यावर "आत माणूस आहे" असं लिहून दोरी बांधली. काल मी तो पुठ्ठा लावायला विसरले तर मला दहा मिनिटं व्याख्यान ऐकावं लागलं. ते जरा मोठ्या आवाजात होतं, म्हणून मीही पूर्ण ऐकून घेतलं.

ताई


२ जून

धाकटे,

तुझी चिठ्ठी मिळाली. किराण्याच्या यादीच्या पाठीमागे दोन ओळी. "आंघोळीला कानात कापसाचा बोळा, व्हॅसलीन लावून. ती डाव्या कुशीवर झोपते, त्या बाजूला उशी लाव म्हणजे वळणार नाही." ना नमस्कार, ना सही. मी ती स्वयंपाकघरात भिंतीला चिकटवली आहे. उशीचं मला सुचलं नव्हतं. उपयोग झाला.

खारूचा बाबा परवा व्हिडिओवर आला. जहाज अजून बंदरातच अडकलंय, खलाशांना उतरू देत नाहीत. तो माझ्यावर ओरडला. "मी इथे पाण्यात अडकलोय आणि तुम्ही माझं घर मोडलंत," म्हणाला. मी त्याला ओरडू दिलं. मग विचारलं, "मार्चपासून तू तिच्याशी फोनवर किती वेळ बोललास? बायकोशी नव्हे, मुलीशी." तो गप्प झाला. नेटवर्क गेलं असेल असं आधी वाटलं, पण चित्र हलत होतं. आता तो रोज सकाळी नऊला फोन करतो आणि दोघं डेकवरच्या पक्ष्यांना नावं ठेवतात.

आता दुसरं. समितीच्या बाई म्हणाल्या की तू त्यांना सांगितलंस, खारूला घेऊन जा असं मार्चमध्येच ताईला विचारलं होतं, ताईने नकार दिला. त्यांनी मला सरळ विचारलं, "हे खरं आहे का?" मी सांगितलं, हो, विचारलं होतं, पण मी लॅबमध्ये रोज संसर्गाचे नमुने हाताळत होते. अशा घरात मूल आणून ठेवणं धोक्याचं होतं. त्यांनी ते लिहून घेतलं. तुलाही मी तेव्हा हेच सांगितलं होतं. तेव्हा तो विषय आता उकरून काढू नकोस. त्याने तुझी बाजू बळकट होत नाही.

तू समुपदेशन करणाऱ्या बाईंच्या पहिल्या बैठकीला गेली नाहीस असं कळलं. कामाचं कारण दिलंस म्हणे. जा. ते टाळण्यासारखं नाही.

ताई


११ जून

धाकटे,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. समितीच्या बाईंनाही खोटं सांगितलं. तीन महिने स्वतःलाही तेच सांगत आले.

काल रात्रीचं जेवण चाललं होतं. खारूने विचारलं, "मावशी, मार्चमध्ये तू काय करत होतीस?"

"लॅबमध्ये होते."

"रोज?"

"रोज."

तिने बटाट्याची फोड दोनदा उलटी-सुलटी केली. "आईने तुला फोन केला ना, तेव्हा तो स्पीकरवर होता. मी तिथेच होते."

मी तिच्या ताटात पोळी वाढली.

"मी बॅगपण भरली होती," ती म्हणाली. "आईने फोन लावायच्या आधीच. मग तू नाही म्हणालीस, तर परत रिकामी केली. आईने बघितली नाही." आणि मग, माझ्या तोंडाकडे बघून तिलाच वाईट वाटलं असावं, म्हणाली, "छोटीच बॅग होती."

तर आता खरं ऐक. आमच्या विभागाने माणसांच्या दोन तुकड्या केल्या होत्या, एक आजारी पडली तर दुसरी हाताशी असावी म्हणून. पहिली तुकडी कामावर, दुसरी घरी. मी दुसरीत होते. पंचवीस मार्चपासून वीस एप्रिलपर्यंत मी एकाही नमुन्याला हात लावला नाही. घरी बसून रिपोर्ट टाइप करत होते, तेही दुपारी दोनपर्यंत. मग झोपायचे. कुंड्यांची माती बदलली. गेली पाच वर्षं वाचायची राहिलेली पुस्तकं वाचली. लोक कंटाळले होते, घाबरले होते, आणि मला मात्र वीस वर्षांत पहिल्यांदा एवढी शांतता मिळाली होती. ती मला मोडायची नव्हती. माझं कारण एवढंच होतं.

तू तेव्हा काय म्हणालीस ते मला शब्दन् शब्द आठवतंय. "ताई, दोनच आठवडे घेऊन जा तिला. मला भीती वाटते, माझ्या हातून काहीतरी होईल." मी म्हणाले, "अगं, सगळ्यांच्याच घरी असं चाललंय. सवय होईल."

तू तोंडाने सांगितलं होतंस. माझ्यासारखी बाई, जी काचपट्टीवरचा ठिपका बघून माणसाला कुठे दुखतंय ते ओळखते, तिने ते ऐकलं आणि कुंडीत माती भरायला गेली.

यामुळे तुझा हात बरोबर ठरत नाही. तो चुकलाच. फोन केल्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. पण तो फोन मी मे महिन्यात हेल्पलाइनला केला, कारण मार्च महिन्यात तुझा फोन मी नीट घेतला नव्हता. ही दोन्ही वाक्यं एका कागदावर असायला हवीत. म्हणून लिहिली.

समितीच्या बाईंना आज सकाळी फोन करून खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे सुनावणीत सांगाल?" सांगेन.

ताई


३० जून

धाकटे,

आज ऑनलाइन सुनावणीत पडद्यावर आपण दोघी एकाच वेळी होतो, तू वरच्या चौकटीत, मी खालच्या. मधल्या तीन चौकटींत समितीची माणसं. त्यांच्यातल्या आजोबांना आपला आवाज बंद आहे हे शेवटपर्यंत कळलं नाही, आणि ते फार कळकळीने काहीतरी बोलत होते. एरवी आपण दोघी एकमेकींकडे बघून हसलो असतो. आज तू खाली पाहिलंस. मीही.

तू जे बोललीस त्याबद्दल लिहायला बसले आहे. अध्यक्षबाईंनी विचारलं तेव्हा मला वाटलं, तू शिफ्टचं सांगशील, नवरा अडकल्याचं सांगशील, दोन खोल्यांचं सांगशील. सगळं खरंच आहे, आणि तू कुठल्याही माणसाला फोनवर पटवू शकतेस, तुझं कामच ते. तू म्हणालीस, "मी तिला तीन वेळा मारलं. तिसऱ्यांदा कानावर. ती हसली म्हणून मारलं. त्या वेळी समोरचा माणूस मला आईवरून शिव्या देत होता आणि मी त्याला 'आपली अडचण मी समजू शकते' म्हणत होते. हसली कुणावर ते माहीत नाही, माझ्यावर नव्हती." मग म्हणालीस, "समुपदेशनाच्या चार बैठका झाल्या. पाचवी शुक्रवारी आहे."

तू एकदाही रडली नाहीस. माझ्या ओळखीची धाकटी अशा वेळी आधी रडायची आणि मग बोलायची.

नंतर माझी पाळी. मार्चचं सांगितलं, तुकड्यांचं, रिकाम्या घराचं. एक सदस्य म्हणाले, "हे सांगायची तुमच्यावर सक्ती नव्हती." मी म्हटलं, "नोंद अर्धी राहिली तर निष्कर्ष चुकतो. आमच्या लॅबमध्ये तरी तसंच आहे."

त्यांनी विचारलं, मूल कुठे असावं असं तुम्हाला वाटतं? मी म्हटलं, आईकडे. मात्र आई शिफ्टवर असताना माझ्याकडे. मी पहाटेची पाळी मागून घेतली आहे, अकरा वाजता मोकळी होते. आईचं काम बारा ते आठ. ते आठ तास मुलगी माझ्या घरात राहील, तिथे तिने काय वाटेल तो आवाज करावा.

तू एकदम वर पाहिलंस. कॅमेऱ्यात नाही, माझ्या चौकटीकडे. रागाने की कशाने ते एवढ्याशा चौकटीत कळलं नाही.

त्यांनी शेवटी खारूला विचारलं. ती माझ्या शेजारी येऊन बसली, केस विंचरून. "तुला घरी जायचंय?" "हो." "भीती वाटते का?" तिने खूप वेळ विचार केला. म्हणाली, "थोडी. पण आईलापण वाटते. ती मला म्हणाली." मी तिच्याकडे पाहतच राहिले. समितीने ठरवून दिलेल्या शनिवारच्या फोनवर तू तिला हे सांगितलंस, ते तिने मला सांगितलं नव्हतं. तुमच्या दोघींतलं म्हणून तिने ते जपून ठेवलं होतं.

सहा जुलैपासून ती तुझ्याकडे. समितीच्या बाई दर आठवड्याला न कळवता येतील. त्यांना दारात अडवू नकोस, आत घे, बसव.

ताई


१९ जुलै, रविवार

धाकटे,

हे पत्र कुणाच्या हाती द्यायचं नाही. तू समोरच आहेस.

दोन आठवडे आपलं दळणवळण माझ्या इमारतीच्या फाटकावर चाललंय. तू खारूची बॅग कट्ट्यावर ठेवतेस आणि सहा फूट मागे सरतेस. मी पुढे होऊन ती उचलते. रात्री साडेआठला उलट. दोघींच्या तोंडावर मास्क. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काय काटेकोर नियम पाळतात या बहिणी. बुधवारी डॉक्टरांनी कान पाहिला, पडदा भरलाय, ऐकू नीट येतंय. तो कागद मी तुला फाटकातूनच दिला. तू तिथेच उभी राहून दोनदा वाचलास, घडी घालून पर्समध्ये ठेवलास आणि मान हलवलीस.

काल तुला जादा शिफ्ट होती, म्हणून खारू इथेच राहिली. आज तुझी सुट्टी. तू अकराला खाली येशील आणि फाटकाची बेल वाजवशील असं धरून मी तिची बॅग भरून ठेवली होती. बेल वाजली ती दाराची. तीन मजले चढून तू वर आली होतीस.

"ती?" तू विचारलंस.

"आंघोळीला गेलीय. बस."

तू बसलीस. मास्क काढलास. मे महिन्यानंतर मी तुझं तोंड धडपणे आज पाहिलं. गाल बसलेत. तू खोलीभर नजर फिरवलीस. टेबलावर खारूचा पसारा, जमिनीवर खडू, भिंतीवर तिने काढलेला सूक्ष्मदर्शक, जो बदकासारखा दिसतो.

"फोन केलास त्याबद्दल मी तुला माफ करणार नाही," तू म्हणालीस.

"नको करूस."

"कधीच नाही, ताई."

"बरं."

"पण तू केला नसतास तर..." इथे तू थांबलीस. आतून खारूचं गाणं ऐकू येत होतं, बेसूर, पाण्याच्या आवाजावर ताण करून चाललेलं.

"आणि मार्चमध्ये तू हो म्हणाली असतीस तर..." तू दुसऱ्या बाजूने सुरुवात केलीस.

"हो," मी म्हटलं. "मग हे काहीच झालं नसतं. ते मी कागदावर लिहून दिलंय. तोंडानेही सांगते. चुकले मी."

तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, आता भांडशील. त्याची माझी तयारी होती. आणि तू म्हणालीस, "मी जरा पाठ टेकू का? दोनच मिनिटं. रात्री झोप लागत नाही मला. ती हलली तरी जागी होते. वाटतं, मी झोपेत काही करेन."

मी उठून पलंगावरची चादर बाजूला केली. तू पडलीस आणि मी उशी आणेपर्यंत झोपली होतीस. पायातला एक मोजा तसाच.

खारू केस पुसत बाहेर आली आणि दारातच थबकली. तुझ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "आई वर आली?" "हो." "आणि झोपली?" "हो." तिला यातलं कशाचं जास्त आश्चर्य वाटलं, सांगता येत नाही. तिने जाऊन तुझा तो मोजा काढला आणि खुर्चीवर ठेवला.

मग तिने पुस्तक काढलं आणि जमिनीवर बसून मोठ्याने वाचायला लागली. मी ओठांवर बोट ठेवलं. तिने मान हलवली, मला काहीच कळत नाही अशी.

"मावशी, आई झोपली की तिला आवाज चालतो. फक्त काम असलं की चालत नाही."

"अगं, पण दमलीय ती."

"म्हणून तर. मी गप्प बसले की तिला वाटतं मी कुठेतरी बसलेय. मग ती उठून बघायला येते. वाचत राहिले की तिला कळतं मी इथे आहे."

हे तिला कुणी सांगितलं? तुम्ही दोघींनी या पंधरा दिवसांत काय काय शोधून काढलंय ते मला माहीत नाही, आणि सगळं माहीत असायला हवं असंही नाही.

दोन मिनिटांचे आता दोन तास होत आले. समितीच्या बाईंचा मघाशी फोन आला होता. त्या आज तुझ्या घरी गेल्या होत्या, न कळवता, दाराला कुलूप होतं. मी म्हटलं, दोघी माझ्याकडे आहेत. "सगळं ठीक?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आई झोपली आहे आणि मुलगी वाचते आहे. त्या म्हणाल्या, हेच लिहून ठेवते.

उठलीस की तू परत फाटकावरचीच होशील कदाचित. मी वाट बघायला तयार आहे, मला चिकाटी आहे, ती कामातच लागते. खारू कुठल्याशा हत्तीची गोष्ट वाचते आहे, तिसऱ्यांदा, प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठ्याने. जोडाक्षरं खाते. मी सुधारत नाही. तू कूस बदललीस, तोंड तिच्याकडे केलंस आणि परत गाढ झोपलीस.

ताई